ज्युलिएटच्या भोवतीची माणसं प्रेम कशाला म्हणतात

मराठी वर्तमानपत्रांनी रोमिओवर मोठाच अन्याय केला आहे. कॉलेजच्या गेटाबाहेर गाड्या लावून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींची छेड काढणाऱ्यांना आपण 'रोडरोमिओ' म्हणतो, आणि हा शब्द इतका रुळलाय की आता त्यात कोणाला काही खटकतही नाही. शेक्सपिअरच्या नाटकातला रोमिओ मात्र रस्त्यावर सापडणंच कठीण. नाटक उघडतं तेव्हा तो पहाटे गावाबाहेरच्या झाडीत एकटाच रडत फिरतो आणि दिवस वर आला की घरी येऊन, खिडक्या लावून, भर उजेडात अंधार करून बसतो. पोराला काय झालंय ते बापाला कळत नाही. आईच्या तर तो नजरेलाही पडलेला नाही. ती पुतण्याला विचारते, 'आज कुठे दिसला का रे तुला?'

दुसरीकडे 'रोमिओ-ज्युलिएटसारखं प्रेम' असंही आपणच म्हणतो, म्हणजे अगदी खरं, निष्ठेचं. या जोडप्याचा सगळा सहवास रविवारच्या रात्रीपासून मंगळवारच्या पहाटेपर्यंतचा होता, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नसतं.

शाळा-कॉलेजात हे नाटक 'प्रेम करणारे दोघं आणि त्यांच्या आड येणारं जग' असं शिकवतात. मला ते पटत नाही. नीट वाचलं तर ज्युलिएटच्या घरात तिच्या वाइटावर टपलेलं कोणीच नाही. बापाचा तिच्यावर जीव आहे, दाईने तिला अंगावर पाजलंय, ज्याच्याशी लग्न ठरतंय तो पॅरिसही भला माणूस आहे. सगळे तिचं भलंच बघतात आणि सगळे त्याला प्रेमच म्हणतात. घोटाळा असा की त्या एका शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा निराळा आहे. मराठीत माया, लळा, ओढ, प्रीती, जीव लावणं, काळजी असे शब्द तरी वेगळे आहेत. इंग्रजीत या सगळ्यावर एकच शब्द चालून जातो, आणि शेक्सपिअरने त्याचा पुरेपूर फायदा घेतलाय.

आधी गोष्ट थोडक्यात. व्हेरोनात माँटेग्यू आणि कॅप्युलेट या दोन श्रीमंत घराण्यांत जुनं वैर आहे. वैर कशावरून, ते नाटक सांगत नाही. रविवारी रात्री कॅप्युलेटांच्या मेजवानीत माँटेग्यूंचा रोमिओ मुखवटा घालून घुसतो आणि त्या घरच्या ज्युलिएटला भेटतो. सोमवारी दुपारी फादर लॉरेन्स त्यांचं गुपचूप लग्न लावून देतात. त्यानंतर तासाभरात ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट रोमिओच्या मित्राला, मर्क्युशिओला, मारतो आणि रोमिओ टिबल्टला. रोमिओ हद्दपार होतो. ज्युलिएटचं लग्न पॅरिसशी ठरतं. ते टाळायला ती ४२ तास मेल्यासारखी झोप लागेल असं औषध घेते. ही योजना सांगणारं पत्र रोमिओला मिळत नाही, कारण ते घेऊन निघालेला साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. रोमिओ तिला मेलेली समजून तिच्या थडग्यात विष घेतो. ती जागी होते, बघते आणि त्याच्याच खंजिराने मरते.

गोष्ट शेक्सपिअरची स्वतःची नाही. इटलीत ती आधीपासून सांगितली जात होती, आणि आर्थर ब्रूकने १५६२ मध्ये ती इंग्रजी कवितेत आणली होती. ब्रूकने प्रस्तावनेतच बजावलंय की ही आईबापाचं न ऐकता वासनेच्या मागे लागलेल्यांची गोष्ट आहे, वाचा आणि शहाणे व्हा. १५९५ च्या सुमारास शेक्सपिअर नाटक लिहायला बसला तेव्हा त्याने ही ताकीद उचलून बाजूला ठेवली. ब्रूककडे कित्येक महिने चालणारा मामला त्याने चार-पाच दिवसांत कोंबला. आणि सोळाव्या वर्षाला टेकलेली ज्युलिएट त्याने आणखी लहान केली. त्याच्या नाटकात तिला चौदा वर्षं पूर्ण व्हायला दोन आठवडे आणि वर थोडे दिवस बाकी आहेत.

रडणारा रोमिओ

पहिल्या अंकात रोमिओ रडतो ते ज्युलिएटसाठी नव्हे, रोझलिनसाठी. रोझलिन ही कॅप्युलेटचीच भाची. ती रंगमंचावर बोलायला म्हणून एकदाही येत नाही. तिने आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलंय, एवढंच रोमिओकडून कळतं.

तो तिच्याविषयी बोलतो कसा? 'शिशाचं पीस', 'उजळ धूर', 'थंडगार आग', 'आजारी आरोग्य'. उलटसुलट शब्दांच्या जोड्या जुळवत सुटतो. आज हे ऐकून हसू येतं, आणि तेव्हाही ते यावं अशीच लेखकाची इच्छा असणार. कारण ही भाषा रोमिओची नाहीच, उसनी आहे. चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेत्रार्क याने लॉरा नावाच्या स्त्रीवर आयुष्यभर कविता केल्या. त्याच्या संग्रहात ३६६ कविता आहेत. प्रेयसी दूर, थंड, देवीसारखी. प्रियकर जळतोय, गोठतोय, झुरतोय. प्रेयसीने काही बोलायची गरजच नाही, किंबहुना ती बोलली तर कविता संपेल. १५९० नंतर लंडनमध्ये या चौदा ओळींच्या सुनीतांची साथ आली होती. रोमिओला त्या साथीची लागण झाली आहे.

त्याच्या तोंडून एक वाक्य मात्र निसटतं. रोझलिन ऐकत नाही, 'संताचंही मन फिरवील अशा सोन्यालाही' बधत नाही, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे देवी देवी म्हणता म्हणता गड्याने सोन्याचीही गोष्ट काढून पाहिलेली दिसते. या वाक्यावर वर्गात कोणी थांबत नाही. थांबावं.

मर्क्युशिओची थट्टा

मर्क्युशिओ हा राजाचा नातलग आणि रोमिओचा जिवलग. त्याच्या लेखी प्रेम म्हणजे शरीराची खाज, बाकी नुसती बडबड. 'प्रेम तुला टोचतंय ना, मग तूही टोच त्याला, आपोआप खाली बसेल.' त्याचे विनोद इतके चावट आहेत की शाळेच्या आवृत्त्यांमध्ये त्यांच्यावर वर्षानुवर्षं कात्री चालली. पेत्रार्कची तर तो नाव घेऊन टर उडवतो.

त्याचं सगळ्यात गाजलेलं भाषण मॅब नावाच्या पऱ्यांच्या राणीविषयी आहे. हेझलनटच्या टरफलाच्या रथात बसून ती रात्री झोपलेल्यांच्या नाकावरून फिरते. प्रियकराच्या डोक्यातून गेली की त्याला प्रेमाची स्वप्नं पडतात, वकिलाच्या बोटांवरून गेली की फीची, सैनिकाच्या मानेवरून गेली की गळे चिरण्याची. ऐकायला गंमत आहे, पण त्याने प्रेमाला कोणत्या पंगतीत बसवलंय ते बघा. वकिलाला फीचं स्वप्न पडतं तसं तुला रोझलिनचं पडतं, एवढंच. दोन्ही पोकळ.

आणि हाच प्रेमाची टिंगल करणारा माणूस मित्रासाठी मरतो. टिबल्ट रोमिओचा अपमान करतो, रोमिओ तो गिळतो. आता टिबल्ट त्याच्या बायकोचा भाऊ आहे, पण हे मर्क्युशिओला ठाऊक नाही. त्याला मित्राचा कमीपणा सोसवत नाही, तो तलवार उपसतो आणि जातो. मरेपर्यंत त्याची समजूत अशीच की रोमिओ अजून रोझलिनसाठीच झुरतोय. ज्युलिएट नावाची कोणी आहे हे त्याला कळलंच नाही. रोमिओवर जीव ओवाळून टाकणाऱ्या या गड्याने स्वतःच्या त्या भावनेला प्रेम म्हटलं असतं का? मला वाटतं, त्यावरही त्याने एखादा अचकट विनोदच केला असता.

कॅप्युलेटांच्या घरात

ज्युलिएटची आई आणि दाई यांचा पहिला प्रवेश म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही घरातली 'तुझ्यासाठी एक स्थळ आलंय' ही बैठक. पॅरिस हे नाटकातलं स्थळ. घराणं चांगलं, राजाशी नातं, दिसायला देखणा. आई मुलीला सांगते की पॅरिसचा चेहरा म्हणजे सुंदर मजकुराचं पुस्तक आहे, त्याला फक्त बांधणी नाही. तू त्याचं कव्हर हो. सोनेरी कड्यांच्या कव्हरात सोनेरी गोष्ट, म्हणजे दोघांची शोभा वाढेल. पुस्तक तो, पुठ्ठा तू. आईला यात काही वावगं वाटत नाही. ती स्वतः ज्युलिएटच्या वयात आई झाली होती, म्हणजे आज तिशीच्याही आतली आहे. तिचा नवरा मात्र नाचणं सोडून पंचवीस वर्षं झाली म्हणणारा. या बाईने लग्नाकडून दुसरं काय अपेक्षिलं असेल?

दाईचं सगळंच वेगळं. ज्युलिएटचं वय किती, एवढाच प्रश्न असतो, आणि बाई बोलतच सुटते. हिचा वाढदिवस ३१ जुलैच्या रात्री. माझी सुझन हिच्याच वयाची होती, देवाघरी गेली, माझ्या नशिबात नव्हती. अकरा वर्षांपूर्वी भूकंप झाला त्या दिवशी मी स्तनाला कडू पाला लावून हिचं दूध सोडवलं. आदल्या दिवशी ही तोंडावर आपटली तेव्हा माझा नवरा म्हणाला, 'आत्ता पालथी पडलीस, अक्कल आली की उताणी पडशील,' आणि ही रडं थांबवून 'हो' म्हणाली. हा विनोद ती पुन्हा पुन्हा सांगते. आई गप्प कर म्हणते तरी सांगते.

नाटकात इतकी मायेची माणसं थोडी आहेत. स्वतःचं मूल गेलं आणि दूध दुसऱ्याच्या मुलीला गेलं. नवराही गेला. जगायचं कसं हे तिला पुरतं ठाऊक आहे. तिच्या हिशेबी प्रेम म्हणजे ऊबदार अंथरूण, कुशीत मूल, डोक्यावर छप्पर. त्यात चावटपणा आहे, पण मर्क्युशिओचा कडवटपणा नाही. ज्युलिएटला रोमिओ हवा म्हणताच निरोप घेऊन धावते तीच, दोराची शिडी आणते तीच. तिचं मन मोठं आहे. त्या मनाला 'हाच माणूस, दुसरा नको' हे मात्र समजत नाही, आणि याची किंमत पुढे चुकवावी लागते.

बाप, थोरला कॅप्युलेट, सुरुवातीला भलताच समंजस वाटतो. पॅरिसला म्हणतो, पोरगी लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत. माझी बाकीची आशा मातीत गेली, ही एकच राहिली. आधी तिचं मन जिंक, माझी संमती हा त्यातला एक भाग. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये मुलीचं लग्न कायद्याने बाराव्या वर्षीही होऊ शकत होतं, पण सामान्य घरातल्या बहुतेक मुली विशीच्या मध्यावर लग्न करत. त्यामुळे तेरा वर्षांची नवरी लंडनच्या प्रेक्षकालाही लहानच वाटत असणार. शेक्सपिअरची स्वतःची थोरली मुलगी सुसॅना नाटक लिहिलं गेलं त्या सुमारास बारा वर्षांची होती. यावरून काही सिद्ध होत नाही, पण वाचताना मला ते आठवतंच.

आणि ज्युलिएट? 'पॅरिस आवडेल का तुला?' या प्रश्नावर तिचं उत्तर असं: बघून आवडत असेल तर आवडायच्या बेताने बघेन, आणि तुम्ही परवानगी द्याल तितकंच खोल बघेन. वरवर आज्ञाधारक. पण 'बघून आवडत असेल तर' हा 'तर' नीट ऐकावा.

लॉरा उत्तर देते

मेजवानीत रोमिओ ज्युलिएटचा हात धरतो आणि बोलू लागतो. तू देवता, मी यात्रेकरू, माझे ओठ म्हणजे लाजरे भाविक. पुन्हा तीच उसनी भाषा. चार ओळी तो बोलतो. आणि मग जे पेत्रार्कच्या कवितेत व्हायचं नसतं तेच होतं. देवता बोलते. त्याच उपमा घेऊन, त्याच चालीत, चार ओळी ज्युलिएट परत देते. भाविक हात जोडतात ना, मग हाताला हात पुरे. पुढच्या ओळी दोघं वाटून घेतात आणि मिळून बरोबर चौदा होतात. अख्खं सुनीत दोन अनोळखी मुलांनी मिळून रचलेलं. ऐकताना कोणी ओळी मोजत नाही, पण आतापर्यंत एकट्याने झुरायचा जो काव्यप्रकार होता, तो इथे दोघांचं बोलणं झालाय हे कानाला जाणवतं.

नंतर ती त्याला म्हणते, 'तू पुस्तकाबरहुकूम चुंबन घेतोस.' कौतुक आहे की चिमटा, हे त्या नटीवर अवलंबून. मी चिमटा समजतो.

पुढचा बागेतला प्रवेश सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे सज्जा सगळ्यांना माहीत आहे. मूळ नाटकात सज्जा हा शब्द नाही. ती वर खिडकीत आहे, एवढंच. व्हेरोनात पर्यटक ज्या सज्जाखाली फोटो काढतात तो विसाव्या शतकात बसवलेला आहे.

इथलं 'नावात काय आहे' हे वाक्य मराठीत म्हण होऊन बसलंय. नाव बदललं, स्पेलिंग चुकलं, की कोणीतरी ते फेकतंच. ज्युलिएट ते थाटात बोलत नाही. ती एकटी आहे, रोमिओ खाली उभा आहे हे तिला माहीत नाही, आणि ती स्वतःलाच समजावतेय: माँटेग्यू म्हणजे काय? हात नव्हे, पाय नव्हे, चेहरा नव्हे. मग टाकता येईल ना ते? नावात बरंच काही आहे म्हणून तर तिला हा युक्तिवाद करावा लागतोय. पुढे हद्दपारीची शिक्षा ऐकल्यावर रोमिओ फादरना विचारतो की माझं नाव शरीरात कुठल्या जागी राहतं ते सांगा, मी ती जागाच उद्ध्वस्त करतो, आणि खंजीर काढतो. तिने मनाशी मांडलेला विचार त्याने शब्दशः घेतला.

त्या रात्रीचं दोघांचं बोलणं समोरासमोर ठेवून वाचावं, फार मजा येते. ती विचारते, इथे आलास कसा, भिंती उंच आहेत. तो म्हणतो, प्रेमाच्या हलक्या पंखांवर. ती म्हणते, माझ्या माणसांनी पाहिलं तर मारतील तुला. तो म्हणतो, त्यांच्या वीस तलवारींपेक्षा तुझ्या डोळ्यांत जास्त धोका आहे. ती विचारते, जागा कोणी दाखवली? तो म्हणतो, प्रेमाने. पोलिसी जबाबासारखे तिचे प्रश्न आणि भावगीतासारखी त्याची उत्तरं! तो चंद्राची शपथ घ्यायला लागतो तर ती मध्येच तोडते. चंद्राची नको, तो दर महिन्याला बदलतो. मग कशाची घेऊ? घेऊच नकोस.

हे सगळं फार घाईत होतंय, विजेसारखं, 'चमकली' म्हणेपर्यंत विझणारं, हे तीच म्हणते. आणि त्याच प्रवेशात हेही म्हणते की माझं प्रेम समुद्राएवढं खोल आहे, तुला जितकं देते तितकं माझ्याकडे वाढतं, दोन्हींना अंत नाही. आईच्या पुस्तक-पुठ्ठ्याच्या हिशेबाशेजारी हे ठेवून पाहा. देऊन वाढणारी गोष्ट त्या घरात दुसऱ्या कोणाला माहीत नाही. मग लगेच जमिनीवर येते: लग्न करायचं असेल तर उद्या निरोप पाठव. किती वाजता माणूस पाठवू? नऊ वाजता. शब्दांवर तिचा फार विश्वास नाहीच. लग्नाआधी रोमिओ म्हणतो, आपला आनंद तुझ्या शब्दांत सांग. ती म्हणते, ज्यांना आपली संपत्ती मोजता येते ते भिकारी.

तिला मी आदर्श करून ठेवत नाही. निरोप घेताना ती म्हणते की पायाला रेशमी दोरा बांधलेल्या पाखरासारखं तुला थोडं उडू द्यावं आणि परत ओढावं. आणि स्वतःच जोडते: फार लाड करून मारून टाकेन मी तुला. हे तिला कळतं, एवढंच माझं म्हणणं.

फादर लॉरेन्स

फादर झाडपाल्याचे जाणकार. एकाच फुलात विष आणि औषध दोन्ही असतं, हे त्यांचं पहिलंच भाषण. कालपर्यंत रोझलिनसाठी रडणारा रोमिओ आज दुसरीचं नाव घेऊन येतो तेव्हा ते म्हणतात, तरुणांचं प्रेम हृदयात नसतं, डोळ्यांत असतं. बेतानं प्रेम कर, घाईने धावणारे ठेचकाळतात. सल्ला सोन्यासारखा आहे. पण हे सांगणारे फादर लग्न त्याच दिवशी लावून देतात! का? या लग्नाने दोन घराण्यांचं वैर मिटेल म्हणून. म्हणजे प्रेम त्यांच्या हातातलं औषध आहे, शहराच्या दुखण्यावरचं. हेतू चांगला. पण त्यात ती दोन मुलं म्हणजे कुटायची मुळी झाली.

मंगळवारची सकाळ

नाटकाचा कणा मला विचाराल तर बाग नव्हे, थडगंही नव्हे. तिसऱ्या अंकाचा शेवटचा प्रवेश, मंगळवारची सकाळ. ज्युलिएटच्या एकाच खोलीत सगळ्यांची प्रेमं एकामागून एक तपासली जातात.

पहाटे ती रोमिओला सांगते, तो चंडोल नव्हे, बुलबुल आहे, अजून रात्र आहे, थांब. तो म्हणतो, बरं, तू म्हणतेस तर रात्रच, राहतो आणि मरतो. हे ऐकताक्षणी ती ताळ्यावर येते. चंडोलच आहे तो, जा, लवकर जा. तो दोराने खाली उतरतो, आणि आई आत येते. गुरुवारी तुझं पॅरिसशी लग्न.

ती नाही म्हणते. बाप येतो. मन जिंक म्हणणारा तोच बाप आता तिला रोगट मढं म्हणतो, हात शिवशिवतात म्हणतो. 'माझी असशील तर माझ्या मित्राला देईन तुला. नसशील तर फास घे, भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर.' नुसता राक्षस म्हणून त्याला सोडून देता येत नाही, कारण याच भाषणात तो म्हणतो की दिवसरात्र, कामात, खेळात, मला एकच चिंता होती, हिला उजवायची. आणि ते खरं आहे. मराठीतल्या 'उजवणे' या शब्दात जी काळजी आणि जी सुटका एकत्र आहे, तीच या माणसाचं प्रेम आहे. पोर आपली, म्हणून द्यायची ती आपणच. दिलेली वस्तू 'मी जात नाही' म्हणाली की त्याची समजूतच कोसळते.

ज्युलिएट आईकडे वळते. लग्न एक महिना, निदान एक आठवडा पुढे ढकल. आई म्हणते, 'माझ्याशी बोलू नकोस. वाटेल ते कर, माझा तुझा संबंध संपला.' आणि जाते.

उरली दाई. ज्युलिएट तिला म्हणते, काहीतरी बोल, धीर दे. दाई विचार करते आणि आपल्या परीने सर्वांत शहाणपणाचं तेच सांगते. रोमिओ हद्दपार झालाय, परत येणार नाही, आला तरी चोरून. तेव्हा पॅरिसशी लग्न कर. काय देखणा आहे! रोमिओ त्याच्यापुढे पोतेरं.

ज्युलिएट विचारते, 'मनापासून बोलतेस?'

'मनापासून, जिवापासून.'

'आमेन.'

दाईला कळत नाही. 'काय?' ज्युलिएट म्हणते, तू मला फार धीर दिलास. आत जाऊन आईला सांग, मी फादरकडे पापनिवेदनाला जाते. दाई खुशीत जाते.

दाईने विश्वासघात केला असं नेहमी लिहितात. मला तसं वाटत नाही. तिने मूल गमावलं, नवरा गमावला, आणि तरी ती जगली. माणूस गेला तर दुसरा धरावा आणि जगावं, हेच तिला आयुष्याने शिकवलं, आणि तेच ती आपल्या लाडकीला देतेय. पोर जगावी म्हणून. ती खोटं बोलली असती तर ज्युलिएटला इतकं लागलं नसतं. ती जिवापासून बोलली, म्हणूनच त्या क्षणी तेरा वर्षांचं नातं तुटतं.

आदल्याच दिवशी याची चुणूक दिसली होती. रोमिओने टिबल्टला मारलं हे कळल्यावर ज्युलिएटच्या तोंडून रोमिओच्याच त्या जुन्या जोड्या बाहेर पडतात: 'सुंदर जुलमी', 'देवदूती सैतान'. दाई री ओढते, 'लाज वाटू दे त्या रोमिओला.' तशी ज्युलिएट उसळते, 'जिभेला फोड येऊ देत तुझ्या!' उसनी भाषा तिच्याकडे एवढाच वेळ टिकली.

त्या मंगळवारी रात्री ती औषधाची कुपी घेऊन खोलीत एकटी असते. दाईला हाक मारायला जाते आणि थांबते. हे मला एकटीनेच करायला हवं. फादरनी आपलं लग्न लपवायला मला खरंच विष दिलं असेल तर, हाही विचार तिच्या मनात येतो. थडग्यात टिबल्टच्या प्रेताशेजारी जाग आली तर, या भीतीने ती जवळजवळ वेडी होते. आणि पिते.

शेवटाकडे

रोमिओ मात्र बदललाय. हद्दपारीत तो राहतो त्या मँटुआ शहरात नोकर येऊन ज्युलिएट गेल्याचं सांगतो तेव्हा त्याच्या तोंडून ना थंडगार आग निघते ना उजळ धूर. 'असं आहे तर,' एवढंच म्हणतो, नशिबाला आव्हान देतो, घोडे सांगतो आणि ४० डुकाट मोजून विष घेतो. तिचा कोरडा व्यवहारीपणा शेवटच्या दिवशी त्याच्या अंगात उतरला.

थडग्याशी त्याच्याआधी पॅरिस फुलं घेऊन आलेला असतो. मंगळवारी याच पॅरिसने ज्युलिएटला 'तुझा चेहरा माझा आहे' असं सांगितलं होतं, लग्न व्हायच्या आधीच. ती म्हणाली होती, असेल, माझा तर तो नाहीच. आपण कोणावर प्रेम करतोय याचा पत्ता त्याला कधी लागला नाही. पण मध्यरात्री, कोणी बघत नसताना, तो फुलं वाहायला येतो. रोमिओच्या हातून मरताना एकच मागतो, मला तिच्याशेजारी ठेव. रोमिओ ठेवतो.

ज्युलिएट जागी होते तेव्हा फादर तिथे असतात. चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो, म्हणतात. बाहेर माणसांचा आवाज येतो. ती हलत नाही. 'मला आता थांबवत नाही,' म्हणून फादर निघून जातात.

मग सगळं गाव गोळा होतं. दोन्ही बाप समोरासमोर. कॅप्युलेट हात पुढे करतो: भाऊ, हात दे. नवरदेवाकडून माझ्या मुलीला मिळायचं ते देणं हेच, याहून जास्त मी मागत नाही. माँटेग्यू म्हणतो, मी जास्त देतो, तुझ्या मुलीचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. कॅप्युलेट म्हणतो, मग तिच्याशेजारी रोमिओचाही तितकाच मोलाचा उभारतो. समेट झाला खरा. पण बोलणी चाललीत ती लग्नातल्या देण्याघेण्याचीच.

दाई या प्रवेशात नाही. तिला कोणी बोलावलेलं दिसत नाही.

आणखी एक बाई नाही. नाटकाच्या पहिल्या प्रवेशात रोमिओची आई दोनदाच बोलते. एकदा भांडायला निघालेल्या नवऱ्याला धरून ठेवते, शत्रूकडे एक पाऊल टाकू देणार नाही म्हणते. दुसऱ्यांदा पुतण्याला विचारते, रोमिओ कुठे आहे, बरं झालं या मारामारीत नव्हता. त्यानंतर ती बोलताना दिसत नाही. शेवटी माँटेग्यू जाता जाता सांगतो, मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने माझी बायको आज रात्रीच गेली. लगेच पुढचं बोलणं सुरू होतं. सोन्याचे पुतळे दोनच ठरतात.